आक्रोश: रडण्याचा की रागाचा?

'जनआक्रोश मोर्चा' असा फलक दिसला की काही भाषाप्रेमींच्या कपाळाला आठी पडते. आक्रोश म्हणजे ऊर फुटून रडणं, मोर्चा काढून कोणी रडत नाही, सबब हिंदीने आपला शब्द बिघडवला, असं त्यांचं म्हणणं. आजचा वापर हिंदीच्या वाटेने आला, हे मान्य. पण मुळात तो रडण्याचाच शब्द होता, हे साफ चूक.

संस्कृतात 'क्रुश्' म्हणजे ओरडणं, हाक मारणं. हाक ऐकू जाते तेवढं अंतर तो क्रोश, म्हणजे आपला कोस. ओरडतो तो क्रोष्टा, म्हणजे कोल्हा. यात शोक कुठे आला? 'आ' लागला की ओरडण्याला रोख मिळतो, कोणावर तरी. पाणिनीच्या सूत्रांत 'आक्रोश' येतो तो निंदेच्या, शिवीच्या अर्थाने. टीकाकार उदाहरण देतात 'दास्याःपुत्रः', म्हणजे 'दासीचा पोर'. जैन साधूने सोसायच्या २२ परीषहांतही आक्रोश आहे, तो लोकांचे जिव्हारी लागणारे बोल या अर्थाने. रडण्यासाठी 'आक्रंद' होताच की.

उलट बाजूचे लोकही तितकेच उतावळे. त्यांना आक्रोशात क्रोध ऐकू येतो. क्रोध 'क्रुध्'चा, आक्रोश 'क्रुश्'चा. ही नुसती कानाची फसगत. याच क्रुश्‌ला 'अनु' लावून झालेला 'अनुक्रोश' म्हणजे तर करुणा!

मग मराठीत शिवीचं रडणं कसं झालं? माझ्या मते अर्थ फारसा हललाच नाही. मयताच्या घरी बायका नुसत्या रडत नाहीत. 'मला टाकून कसा गेलास रे', 'देवा, तुझे डोळे फुटले होते का', असा जाब विचारतात. गेलेल्याला आणि देवाला बोल लावतात. हंबरड्याला शब्द लागत नाहीत. आक्रोशाला मात्र समोर कोणी तरी लागतं. गोविंद निहलानींच्या १९८०च्या 'आक्रोश' चित्रपटाचं लेखन विजय तेंडुलकरांचं. त्यातला आरोपी लहान्या भिकू स्वतःच्या वकिलापुढेही तोंड उघडत नाही. शेवटी तो फोडतो ती किंकाळी शोकाची की संतापाची, हे कोणी वेगळं काढून दाखवावं.

तेव्हा ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय किंवा शेत बुडालंय, त्यांच्या मोर्चाला हा शब्द शोभतो. पण पार्किंगचे दर वाढले म्हणून 'नागरिकांचा आक्रोश' असा मथळा देणाऱ्या उपसंपादकांना एवढीच विनंती: तिथे 'संताप' लिहा, जागाही कमी लागेल.