भुतं पुरे, गळकं छत दाखवा

ऑफिसच्या कामाने एडिंबराला होतो, शनिवार मोकळा मिळाला. म्हटलं साउथ ब्रिजखालच्या तळघरांची गाइडेड टूर करू. अंधार, मेणबत्ती, काळा झगा घातलेला गाइड आणि तासभर नुसती भुतं! शेवटी कोणीतरी मागून किंचाळलं, सगळे दचकले, मग हसले. पैसे वसूल म्हणे.

अहो, पण खरी गोष्ट राहिलीच की! हा १९ कमानींचा पूल १७८८ साली सुरू झाला. कमानींच्या पोटात खोल्या काढून चांभार, गुत्ते, गोदामं बसवली. वॉटरप्रूफिंग मात्र केलंच नाही. (आमच्या धंद्यात याला 'पुढच्या रिलीजमध्ये बघू' म्हणतात.) छत गळायला लागलं तसे धंदेवाले निघून गेले आणि ज्यांना वर कुठे जागा नव्हती ते गरीब आत राहायला आले. ना उजेड, ना हवा. १९८०च्या दशकापासून तिथला राडारोडा उपसला, तेव्हा औषधाच्या बाटल्या, कालवांचे शिंपले आणि खेळणी निघाली.

खेळणी! म्हणजे इथे पोरं राहत होती. त्यांच्यावर टूरमध्ये एक वाक्य.

"भुतांशिवाय तिकीट कोण काढणार?" असं म्हणाल. पण आपण तरी काय वेगळे? शनिवारवाड्यावर 'काका मला वाचवा' ऐकू येतं का, एवढंच विचारतो. १७७३ साली नारायणरावाचा खून का झाला, ते नाही.

भूत सोयीचं असतं हो. त्याला घाबरलं की कुणाला जाब विचारावा लागत नाही.