कमकुवत प्याद्याला घाबरायचे कशाला?

बुद्धिबळाच्या शिकवणीत सुरुवातीलाच मुलांच्या कानावर एक नियम पडतो: प्यादी एकमेकांच्या आधाराने ठेवा, मागे एकटे पडलेले प्यादे म्हणजे कायमची डोकेदुखी. नियम खरा आहे, पण बहुतेकदा तो अर्धाच शिकवला जातो. मग काळी मोहरी वाट्याला आली की मूल पहिल्या खेळीपासून अंग चोरून खेळू लागते. ही सवय मोडायची तर सिसिलियन बचावातला स्वेश्निकोव्ह प्रकार पटावर मांडायला हवा.

पाचव्या खेळीला काळा ई-५ खेळून पांढऱ्या घोड्याला हुसकावतो. त्याची किंमत लगेच दिसते. डी-६ वरचे प्यादे मागे पडते आणि डी-५ हे मोक्याचे घर पांढऱ्याला जणू आंदण मिळते. नवव्या खेळीला पांढरा उंट एफ-६ वरचा घोडा मारतो, जी-प्याद्याने तो परत मारावा लागतो आणि एफ पट्टीत काळ्याची दोन प्यादी एकामागे एक अडकतात.

इमानुएल लास्करने १९१० मध्ये श्लेश्टरविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत ही ई-५ खेळी केली होती. तरीही पुढची कित्येक दशके जाणकार तिच्याकडे संशयानेच पाहत. चेल्याबिन्स्कचे एव्हगेनी स्वेश्निकोव्ह आणि त्यांचे सहकारी गेनादी तिमोश्चेन्को यांनी १९७०च्या दशकात चिकाटीने हा प्रकार पिंजून काढला, तेव्हा कुठे त्याला प्रतिष्ठा मिळाली.

त्यांना काय दिसले? हुसकावलेला पांढरा घोडा ए-३ वर, पटाच्या कडेला ताटकळलेला असतो. काळ्याकडे दोन्ही उंट शाबूत असतात आणि हत्तीसाठी जी पट्टी मोकळी होते. जोडप्याद्यांपैकी एक एफ-५ वर सरकते आणि थेट ई-४ ला भिडते, म्हणजे डी-५ वर येऊन बसणाऱ्या पांढऱ्याच्या दुसऱ्या घोड्याचा आधारच खिळखिळा करते. त्या घोड्याची मारामारी होऊन पांढऱ्याने ई-प्याद्याने परत मारले, तर त्याचेच प्यादे डी पट्टी अडवते आणि डी-६ वरचा समोरचा मारा थांबतो.

मात्र इथे ढिलाई चालत नाही. काळ्याने सगळी फौज डी-६ च्या राखणीला बसवली, तर पांढरा ए-३ चा घोडा सावकाश सी-२ मार्गे परत आणतो, डी-५ वर पाय रोवतो आणि काळ्याचा श्वास कोंडतो.

२०१८ मध्ये लंडनला मॅग्नस कार्लसनने फॅबियानो कारुआनाविरुद्ध जगज्जेतेपद राखताना हाच प्रकार वारंवार खेळला. कारुआनाने सातव्या खेळीलाच घोडा डी-५ वर नेला, तो मारला गेला आणि पांढऱ्याचे ई-प्यादे डी पट्टीत आले. बाराही मुख्य डाव बरोबरीत सुटले. जलद टायब्रेकच्या दुसऱ्या डावात मात्र कार्लसनने काळ्या मोहऱ्यांनी २८ खेळ्यांत विजय मिळवला आणि टायब्रेक ३-० असा जिंकला. डी-६ वरचे ते ‘दुबळे’ प्यादे घेऊनच!

प्रशिक्षकांनी निदान काही डाव तरी मुलांना हा प्रकार काळ्या बाजूने खेळू द्यावा. हरले तर रागावू नये. डाव संपल्यावर प्यादे का पडले, एवढेच विचारून थांबू नये. त्या प्याद्याच्या मोबदल्यात मिळालेल्या खेळ्या कुठे खर्च झाल्या, हे मुलाकडूनच पटावर मांडून घ्यावे.