मावशींची नोंद कोणत्या वहीत?

करोनाने किती आरोग्य कर्मचारी गेले याची माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही, आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, हे केंद्र सरकारचे सप्टेंबर २०२० मधले राज्यसभेतले उत्तर वाचून संताप आला. दुसऱ्याच दिवशी इंडियन मेडिकल असोसिएशनने ३८२ मृत डॉक्टरांची यादी जाहीर केली. त्यातला सर्वांत लहान २७ वर्षांचा! संघटनेने आपली माणसे मोजली म्हणून निदान तो आकडा कळला. परिचारिका, लॅब टेक्निशियन, वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार यांना कोणी मोजायचे? २२ मार्चला आपण थाळ्या वाजवल्या, ३ मे रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले टाकली. ज्यांच्यासाठी हे केले ते किती उरले, हे मोजायला मात्र कोणाला सवड नव्हती.

मी ३४ वर्षे रुग्णसेवेत काढली. बेडपॅन उचलणे, ओकारी पुसणे, मृतदेह गुंडाळणे ही कामे वॉर्डबॉय आणि आया, म्हणजे आमचे मामा आणि मावशीच करतात. डॉक्टरांचा राउंड आटोपतो. मावशी पाळी संपेपर्यंत आतच असते. आमच्या शेजारच्या मावशी ठेकेदारामार्फत एका खासगी रुग्णालयाच्या कोविड वॉर्डात काम करत. त्यांना महिन्याला दोन एन-९५ मास्क मिळत. त्यांच्या खिडकीच्या गजाला दोन कागदी पिशव्या टांगलेल्या असायच्या, एकीवर मुलाने पेनाने 'सोम' लिहिलेले, दुसरीवर 'मंगळ'. बुधवारी पुन्हा सोमवारचाच मास्क. इलॅस्टिक सैल पडले तेव्हा त्याला सेफ्टी पिन लावली. ऑगस्टमध्ये त्या पॉझिटिव्ह आल्या. रुग्णालय म्हणाले, वस्तीतच लागण झाली असेल. ठेकेदाराने १७ दिवसांचा पगार कापला.

लागण वॉर्डात झाली की वस्तीत, हे मावशींनी कसे सिद्ध करायचे? १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आरोग्यसेवेत आणि प्रयोगशाळेत होणारे संसर्गजन्य रोग व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेले होते. तरी जूनमध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की संसर्गापासून स्वतःला वाचवण्याची अंतिम जबाबदारी कर्मचाऱ्याचीच. महिन्याला दोन मास्क हातात ठेवायचे आणि जबाबदारीही मावशींच्याच गळ्यात घालायची, हा अन्याय आहे. मृत्यूनंतर मिळणाऱ्या ५० लाखांच्या सरकारी विम्यात कंत्राटी कामगारही धरले होते, हे खरे. पण दाव्याला संस्थेचा दाखला लागे, की ही व्यक्ती आमच्याकडे कामाला होती आणि रुग्णांच्या थेट संपर्कात होती. ज्या बाईला नेमणुकीचे पत्रच नाही, हजेरी ठेकेदाराच्या वहीत, तिच्या मुलाला तो दाखला कोण देणार?

आणि केवळ सरकारला तरी का बोलावे? माझ्या हाताखाली शिकलेल्या एका परिचारिकेला घरमालकाने एप्रिलमध्ये खोली खाली करायला सांगितले. त्याच इमारतीच्या गच्चीवर महिन्याभरापूर्वी शंख फुंकले गेले होते. रात्रपाळी करून आलेली मुलगी दोन पिशव्या घेऊन जिन्यात बसून होती आणि एकाही शेजाऱ्याने दार उघडले नाही. लाज वाटली पाहिजे आपल्याला.

माझी मागणी साधी आहे. आमच्या वेळी वॉर्डात कोणाला सुई टोचली तर तारीख, वेळ, रुग्णाचा नंबर वहीत लिहावा लागे. अपघात विभागातला मामा असो की सर्जन, त्याच पानावर. तशी वही साथरोगाच्या प्रत्येक वॉर्डात हवी. आत कोण गेले, किती तास होते, मास्क कधी मिळाला, कधी लागण झाली हे रोजच्या रोज लिहावे. कंत्राटी माणसांचे नावही त्याच वहीत असावे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी आणि महापालिकांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी खासगी रुग्णालयांनाही ती सक्तीची करावी. याला ना कोट्यवधी लागतात, ना नवा कायदा.

मावशी बऱ्या होऊन पुन्हा त्याच कोविड वॉर्डात रुजू झाल्या. नेमणुकीचे पत्र तेव्हाही मिळालेले नव्हते.

— एक निवृत्त परिसेविका, कल्याण