वनविद्या आणि वनाचा हिशेब

वनविद्येचे रीतसर शिक्षण देणारी शाळा देहरादूनला १८७८ साली निघाली. रेल्वेचे स्लीपर व इमारती लाकूड यांचा पुरवठा अखंड राहावा आणि सरकारी तिजोरीत भर पडावी, हा त्या काळच्या वनव्यवस्थेचा हेतू होता. साग केव्हा तोडावा, दरवर्षी किती क्षेत्र तोडीस काढावे, हे गणित तिने चोख बसवले. जंगलात राहणारा माणूस मात्र त्या गणितात बहुधा अडथळा म्हणूनच आला.

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने हा क्रम फिरवला. पर्यावरणाचे स्थैर्य मुख्य व आर्थिक प्राप्ती दुय्यम, असे तिने बजावले. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यापुढे जाऊन सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन ग्रामसभेकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकारही त्याच ग्रामसभेच्या हाती आला.

अशा ग्रामसभेपुढे कोणते प्रश्न येतात? कोवळे बांबू राखून बेटातून किती काढावे, हा वनशास्त्राचा प्रश्न. विक्री केव्हा व कोणत्या पद्धतीने करावी, हा अर्थशास्त्राचा. मजुरी चुकती करून उरलेला पैसा वाटून घ्यावा की वनरक्षणास राखावा, हा समाजशास्त्राचा. आणि परवाना अडला तर दाद कोठे मागावी, हा कायद्याचा. वस्तुतः हे चार प्रश्न नाहीतच. तो एकच प्रश्न आहे. भाव चढला म्हणून कोवळा बांबूही तोडला, तर पुढे बाजार उरेल, बेट उरणार नाही.

दापोली व अकोला येथील कृषी विद्यापीठांत वनविद्येची पदवी मिळते. वनविद्येच्या अभ्यासक्रमात अर्थकारण वा कायदा यांना स्थानच नाही, असे नव्हे. परंतु सुटे पेपर सुटेपणीच शिकवले जातात. उणीव विषयांची नसून सांध्याची आहे.

सर्वच थोडे थोडे शिकणारा कशातच निष्णात होत नाही, हा आक्षेप निराधार नाही. म्हणूनच पेपरांची संख्या वाढवणे हा उपाय नव्हे. वनविद्या, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व विधी यांच्या विद्यार्थ्यांनी अखेरच्या वर्षी मिळून एका गावाच्या वनाचा आराखडा तयार करावा. प्रत्येकाने आपल्या विषयाची जबाबदारी घ्यावी आणि तो आराखडा ग्रामसभेपुढे, तिला समजेल अशा भाषेत मांडावा. तेथे विचारले जाणारे प्रश्न हीच खरी तोंडी परीक्षा.

अडचण आहे ती विद्यापीठांच्या कुंपणांची. वनविद्या कृषी विद्यापीठांत, तर विधी व समाजशास्त्रे इतर विद्यापीठांत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. तेव्हा दोन विद्यापीठांनी एकमेकांचे गुण मान्य करण्यास धोरणाची आडकाठी नसावी. हवी आहे ती इच्छा.

हक्काचा कागद गावाच्या हाती आला आहे. त्यामागोमाग येणाऱ्या हिशेबास साहाय्य करणारा जाणता माणूस विद्यापीठांनी घडवला नाही, तर ती जागा रिकामी राहणार नाही. ठेकेदार ती भरील.