खुर्ची घडवणारा चित्रकार

ब्राझीलच्या जेराल्दो द बारोस या रचनावादी कलावंताचे नाव निघाले की जाणकार त्याच्या छायाचित्रांविषयी बोलू लागतात, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण साओ पाउलोच्या लूझ रेल्वेस्थानकासारख्या नित्याच्या वास्तूचे दृश्य एकाच फिल्मवर पुनःपुन्हा टिपून, प्रसंगी निगेटिव्हवर ओरखडे काढून त्याने 1950 च्या आसपास निर्माण केलेली 'फोटोफॉर्मा' मालिका आजही डोळ्यांना खिळवून ठेवते. तथापि या माणसाच्या विचाराचा खरा कस लागला तो एका फर्निचरच्या कारखान्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

1923 साली जन्मलेला हा गृहस्थ चरितार्थासाठी बँको दो ब्राझीलच्या दप्तरात निवृत्तीपर्यंत इमाने इतबारे नोकरी करीत राहिला. (नोकरीचा राजीनामा दिल्यावाचून कलानिष्ठा सिद्ध होत नाही, असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) 1952 मध्ये वाल्देमार कोर्देइरो प्रभृतींसह त्याने 'रुप्तुरा' गटाचा जाहीरनामा काढला आणि निसर्गाची नक्कल करणाऱ्या चित्रकलेशी उघड फारकत घेतली. परंतु शुद्ध भूमितीची ही कला जर कोणालाही समजण्याजोगी आणि कितीही प्रतींत काढण्याजोगी असेल, तर ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच का अडकून पडावी, हा प्रश्न त्याच्या सोबत्यांपेक्षा त्याला अधिक टोचला असावा. म्हणून 1954 मध्ये झुआंव बातिस्ता या डोमिनिकन धर्मगुरूच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'उनिलाबोर' या कामगारसमूहात तो सामील झाला. तेथे नफ्यात आणि कारभारात कामगारांचा हिस्सा होता. आणि लोखंडी सांगाडे, लाकडी फळ्या अशा मोजक्या ठरीव भागांच्या निरनिराळ्या जुळणीतून खुर्च्या, मेजे, कपाटे सिद्ध होत. चित्रात त्याने जोपासलेली काटकसर येथे कारागिराच्या हाती आली. हे सामान कष्टकऱ्यांपेक्षा मध्यमवर्गाच्याच घरी अधिक गेले, हे मान्य केलेच पाहिजे. पण ते घडवणाऱ्यांच्या मेहनतान्याचा विचार त्यात होता, आणि तेवढा विचार त्या काळच्या कितीशा कलाचळवळींनी केला?

1964 मध्ये उनिलाबोर सोडून त्याने 'ओब्जेतो' हा फर्निचरचा स्वतंत्र व्यवसाय काढला. पुढे फॉर्मायकाच्या पत्र्यांची चित्रे केली, तीही आराखड्यावरून कारागिरांकडून करवून घेतलेली. पक्षाघाताने शरीर जखडल्यावर सहायकाच्या मदतीने जुनी निगेटिव्हे कापून, काचेवर जुळवून त्याने 'सोब्रास' ही अखेरची मालिका केली आणि 1998 मध्ये त्याचे निधन झाले.

त्याचे प्रदर्शन पाहण्याचा योग आला, तर वाचकांनी छायाचित्रांपाशी रेंगाळण्यापूर्वी उनिलाबोरच्या खुर्चीकडे जावे आणि तिचे सांधे नीट पाहावेत.