पंचनाम्यात आपलं नाव कुठं हाय?



मागं तालुक्याला एका सभेत पाव्हणे बोलले, तापमान असंच वाढत गेलं तर मानवी संस्कृतीच बुडंल. बोलणं खोटं नव्हतं. कारखानदारी वाढली तशी पृथ्वी एक अंशाहून जास्त तापलीय, आणि हवा एक अंशानं तापली की तिच्यात सात टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून हल्ली पडतो तो एकदम ओततो. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरात एका दिवसरात्रीत जवळजवळ ६०० मिलिमीटर पडला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. खाली सांगलीत २००५, २०१९, २०२१ असे पूर. २०१९ ला ब्रह्मनाळमध्ये पुरातनं माणसं काढताना बोट उलटली. आणि त्याच जिल्ह्यात जत-आटपाडीला त्याच वर्षी उन्हाळ्यात टँकर न् चारा छावण्या!

पण बुडणार म्हणजे आधी कोण बुडणार, हे पाव्हण्यांनी सांगितलं नाही.

आमच्या वाडीचं सांगतो. आजानं दगड रचून केलेली नाचणीची चार वाफं त्या पावसात मातीसकट वढ्यात गेली. पंचनाम्याला साहेब आले. पहिला प्रश्न, सातबारा दाखव. आम्ही कातकरी, सातबारा कुठला आणणार? जमीन वनखात्याच्या नावावर. साहेबांनी वही मिटली. आजी म्हणाली, "माती आमची गेली, आन् नुकसान सरकारचं झालं व्हय?" मला हसावं का रडावं कळंना. खाली सांगलीला ऊस बुडला की पंचनामा निदान होतो (भरपाई कधी मिळती ते सोडा), पण तोच ऊस तोडायला जाणाऱ्या आपल्या माणसाचा बुडालेला रोजगार कुठल्याच कागदावर येत नाही.

आता नवीनच बोलणं कानावर येतंय. दरड पडंल, तुम्ही खाली चला. डोंगराला खरंच भेग पडली असंल तर जीव आधी, उगीच हट्ट नको. पण साथींनो, नुसत्या तोंडी शब्दावर उठू नका. कोयनेच्या धरणाला उठलेली माणसं पिढ्यान् पिढ्या पुनर्वसनासाठी भांडतायत, हे आपण डोळ्यानं बघतोय. वनहक्क कायदा २००६ चा. त्याचं कलम ४(५) सांगतं, दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत वनजमिनीवरनं कुणाला हटवता येत नाही. आदिवासीची कसणूक १३ डिसेंबर २००५ च्या आधीची असली की वैयक्तिक दावा बसतो. सामूहिक दावा वेगळा. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावानं २००९ ला आख्ख्या जंगलावर हक्क मिळवला. जंगल राखायचा अधिकारही त्यातच येतो. उतारावरची झाडं तोडायची का ठेवायची, हे मग ग्रामसभा ठरवंल. झाडाच्या मुळ्या माती धरून ठेवतात, हे आपल्याला पुस्तकातनं शिकावं लागलं नाही.

तर पावसाआधी एवढं करा. ज्यांनी दावा टाकलाय त्यांनी पोचपावती शोधून प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला बांधा. ज्यांचा राहिलाय त्यांनी म्हाताऱ्या माणसांना घेऊन वनहक्क समितीकडं या, त्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो. आणि वाहून गेलेल्या वाफ्याचे दगड जिथं पडलेत तिथंच राहू द्यात. पडताळणीला तेच दाखवायचेत.