विश्लेषण : 'स्मार्ट' कॅमेरे आधी चौकात की महामार्गावर?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत '१६७ अ' हा नियम आणला. वाहतुकीवर इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवण्यासाठी त्यात देशातील १३२ शहरांची यादी आहे. महाराष्ट्रातील १९ शहरांत सांगली आहे, सातारा नाही. मात्र हाच नियम महामार्गांवरील अतिजोखमीच्या पट्ट्यांनाही लागू आहे. या दोन जिल्ह्यांत सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

महामार्गच आधी का?

शहरातल्या चौकात वेग कमी आणि मदत जवळ असते. महामार्गावर नेमके उलटे असते. एप्रिल २०१८ मध्ये खंबाटकी बोगद्यापुढील 'एस' वळणावर टेम्पो उलटून १८ मजुरांचा जीव गेला. कराड ते पेठ नाका आणि तिथून आष्टामार्गे सांगली या पट्ट्यात गळीत हंगामात वेगळाच धोका असतो. भरधाव गाड्यांच्या वाटेत अंधारात उसाच्या संथ ट्रॉल्या असतात, काही तर रस्त्याकडेला बंद पडलेल्या.

यंत्रणा काय करते?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून अशी यंत्रणा सुरू आहे. दोन कॅमेऱ्यांमधले अंतर कापायला लागलेल्या वेळेवरून सरासरी वेग काढता येतो. त्यामुळे कॅमेरा दिसताच ब्रेक मारून सुटका होत नाही. बंद पडलेले वाहन टिपले, की नियंत्रण कक्ष मागच्या फलकावर सूचना देऊ शकतो. क्रेन, रुग्णवाहिका पाठवू शकतो.

आताच का?

'आधी रस्ता नीट करा, मग कॅमेरे लावा', हा प्रवाशांचा आक्षेप रास्त आहे. पण सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामातच केबलसाठी नळ्या टाकल्या, तर उद्या नवा रस्ता पुन्हा उकरावा लागणार नाही. शिवाय काम सुरू असतानाच वळणरस्त्यांची आगाऊ सूचना सर्वाधिक गरजेची असते.

फक्त दंडवसुली होईल?

ही भीतीही खोटी नाही. म्हणून क्रम ठरलेला हवा : आधी सूचना, मग मदत, शेवटी दंड. किती चलने फाडली, यापेक्षा मदत किती मिनिटांत पोहोचली, हे दरमहा जाहीर व्हावे. आणि ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावण्याचे काम कॅमेरा करणार नाही. ते ट्रॉलीमालक, साखर कारखाने आणि आरटीओ यांनाच हंगामापूर्वी करावे लागेल.